सुटा सूर

"पुन्हा," हेडफोनमध्ये विराज टिपणीसचा आवाज आला. "तोच सूर. आता अगदी हळू."

मी गज तारेवर ठेवला आणि ओढला. एकच सूर, मोजून दहा सेकंद. त्याच्या मागे काही नाही, पुढे काही नाही.

"ठीक. आता मध्यम."

ओढला.

"आता जोरात."

ओढला. काचेपलीकडे विराज मान खाली घालून वहीत काहीतरी लिहीत होता. सकाळी दहापासून आमचं हेच चाललं होतं आणि आता एक वाजायला आला होता. अंधेरीतल्या एका गल्लीत, पापडाच्या कारखान्यावरच्या मजल्यावर त्याची ही खोली होती. हिंगाचा वास जिन्यातून वर येत होता. आत मी, एक खुर्ची आणि एक माइक. समोर स्टँड होता, पण त्यावर कागद नव्हता. वाजवायला गाणंच नव्हतं, तर कागद कशाला असेल?

"हे कोणत्या पिक्चरचं आहे?" मी तिसऱ्यांदा विचारलं.

"पिक्चरचं नाही, मॅडम."

"मग कशाचं?"

"ते सांगायची मला परवानगी नाही." त्याने वर न बघताच उत्तर दिलं. "पुढचा सूर घेऊ या?"

मी मूळचीच संशयी. भाजीवाल्याने मेथीची जुडी दिली तर मी ती तिथेच सोडून आतल्या काड्या बघते. आमचे हे म्हणायचे, हिला देव प्रसन्न झाला तरी ही आधी त्याचं रेशनकार्ड मागेल. पण त्या दिवशीच्या संशयाला कारण होतं, आणि ते नीट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

ही एकोणीसशे नव्व्याण्णव सालची गोष्ट. मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होते आणि तेवीस वर्षं सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये व्हायोलिन वाजवत होते. आमचे सर म्हणजे बावतीस डाबरे. वसईच्या केळीच्या वाडीतला माणूस. लहानपणी चर्चमध्ये नोटेशन शिकला आणि पुढे चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चालींना वाद्यमेळ बांधून देत राहिला. चाल संगीतकाराची, नाव संगीतकाराचं. पण त्या चालीमागे चोवीस व्हायोलिनं कधी उठायची, चेलोने कुठे हुंकार द्यायचा, बासरीने कुठे गप्प बसायचं, हे सगळं सरांच्या पेन्सिलीतून उतरायचं. तबकडीवर त्यांचं नाव कधी आलं नाही, आणि आलं नाही म्हणून त्यांनी कधी तक्रारही केली नाही.

सरांचा एक नियम होता. दिनकर साटम हा आमचा चेलोवाला. दहाएक वर्षांपूर्वी एका कीबोर्डवाल्याने त्याला चहाला बोलावलं आणि गंमत म्हणून त्याच्याकडून पाच-सहा सूर वेगवेगळे वाजवून घेतले. दोन महिन्यांनी त्या कीबोर्डवाल्याच्या गाण्यात चेलो वाजला आणि साटम घरी बसून राहिला. सरांनी दुसऱ्या दिवशी आम्हा सगळ्यांना उभं केलं.

"गाणं कुणीही मागितलं तर वाजवा," ते म्हणाले. "पण सुटा सूर कुणाला द्यायचा नाही. गाणं वाजवून संपतं. पुन्हा हवं असेल तर त्यांना तुम्हाला पुन्हा बोलवावं लागतं. सुटा सूर दिलात की तुम्हाला परत कुणी बोलावणार नाही."

आम्ही माना डोलावल्या. सगळ्यांत जोरात साटमने.

नियम पाळूनही व्हायचं ते झालंच. चोवीस व्हायोलिनांची सोळा झाली, सोळाची आठ. उरलेली कीबोर्डमधून वाजू लागली. मला त्याआधीच्या तीन महिन्यांत चार रेकॉर्डिंग मिळाली होती. आणि अशात या विराज टिपणीसचा फोन आला. मी त्याला नावाने ओळखत होते. कॉम्प्युटरवर आख्खा वाद्यमेळ उभा करणारा म्हणून तेव्हा त्याचा बोलबाला होता.

"मॅडम, एक दिवसाचं काम आहे. एकट्याच या. आणि कृपा करून कुणाला सांगू नका."

कुणाला सांगू नका म्हटल्यावर मनात पाल चुकचुकणार नाही तर काय होईल? मी लगेच साटमला फोन लावला.

"तुला त्या टिपणीसचा फोन आला होता का रे?"

"छे, छे. मला कशाला येईल? नाही बुवा."

एकदा 'नाही' म्हटलं असतं तर मी विश्वास ठेवला असता. पण हा एका दमात तीनदा नाही म्हणाला.

मी गेले. हेरगिरी करायला गेले असं मी स्वतःला सांगितलं होतं. पण काम हवं होतं, हेही तितकंच खरं आहे. आता लपवून काय करायचंय?

खोलीत शिरले आणि पहिली नजर गेली ती खुर्चीखाली. तिथे जुन्या टायरचा एक तुकडा होता, त्याला सुतळी बांधलेली. चेलोचा खालचा खिळा फरशीवर घसरतो, म्हणून त्याखाली काहीतरी ठेवावं लागतं. मुंबईत टायरचा तुकडा सुतळीने खुर्चीला बांधणारा एकच माणूस मला माहीत होता. साटम इथे येऊन गेला होता, आणि माझ्याशी खोटं बोलला होता.

 विराजने एक कागद पुढे केला. मी वाजवलेल्या सुरांवर माझा हक्क राहणार नाही, असं त्यात लिहिलं होतं. मी सही केली, पण बँकेत करते ती 'सुमित्रा केळुसकर' नाही. उलट्या तिरकस अक्षरात 'के. सुमित्रा' अशी केली. पुढेमागे कोर्टात उपयोगी पडेल, असं तेव्हा वाटलं होतं.

मग त्याने सुरू केलं. खालच्या तारेपासून वर, एकेक सूर, प्रत्येक सूर तीन वेळा. त्याच्यासमोरच्या पडद्यावर एक हिरवा काटा होता. सूर नेमका लागला की काटा मध्ये उभा राहायचा. काटा उभा राहिला की विराज मान खाली घालून वहीत आकडा टिपायचा. तेवढ्यात माझा सूर संपलेला असायचा. तासाभरात माझ्या लक्षात आलं की हा माणूस सुराची सुरुवात बघतो, शेवट ऐकत नाही.

दीडला त्याने चहा मागवला आणि पिशवीतून स्टीलचा एक डबा काढला. मला वाटलं, जेवणाचा. झाकण उघडलं तर आत फडक्यात गुंडाळलेली कॉम्प्युटरची हार्ड डिस्क. त्याने माझे सकाळचे सूर तिच्यात उतरवले आणि ती पुन्हा तशीच डब्यात ठेवली. अंगडियाने हिरे न्यावेत तशी.

"डब्यात का ठेवता?"

"आपटू नये म्हणून," तो म्हणाला आणि झाकण लावलं.

पण तेवढ्यात मला वास आला होता. गोड, जुना, उन्हात वाळवलेल्या केळ्यांचा. तो वास मी कुठेही ओळखला असता, कारण दर नाताळात तो आमच्या स्टुडिओभर दरवळायचा. वसईची सुकेळी. सर आम्हा सगळ्यांसाठी पुडे घेऊन यायचे.

म्हणजे हा माणूस सरांच्या घरी जात होता. साटमला गिळलं, मला गिळत होता आणि आता सरांपर्यंत पोचला होता. सत्तरी उलटलेला, साधा, कुणाच्याही चहाला हो म्हणणारा माणूस. त्यांच्याकडून हा काय काय लिहून घेत असेल?

माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्याच तिडिकीत मी पुन्हा खुर्चीवर बसले.

"पुढचा सूर डी," विराज म्हणाला. आम्ही स्टुडिओवाले सा-रे-ग म्हणत नाही, ए-बी-सी म्हणतो. डी म्हणजे व्हायोलिनचा लाडका सूर. निम्मी गाणी त्याच्यापाशी येऊन टेकतात. ए तारेवर तिसऱ्या बोटाने लागतो तो.

मी नेमका लावला. काटा मध्ये उभा राहिला. विराजची मान खाली गेली, आणि मी तिसरं बोट केसभर मागे घेतलं. सूर शेवटी किंचित उतरला. कुणाला सांगितल्याशिवाय कळू नये, पण कळला की पुन्हा विसरता येऊ नये, इतकाच.

"ठीक. मध्यम."

पुन्हा तसंच केलं.

"जोरात."

तिसऱ्यांदाही तसंच. मग बाकीचे सूर मी अगदी इमानाने वाजवले आणि पाच वाजता घरी आले. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटत होतं. ज्या गाण्यात हा चोर माझं व्हायोलिन वापरेल, त्या गाण्यात डी आला की सगळं आंबट लागणार होतं.

दुसऱ्या दिवशी मी सरांना फोन केला.

"सर, तो विराज टिपणीस तुमच्याकडे येतो का?"

"का गो?"

"सर, तो एकेकाला गाठून सुटे सूर घेतोय. साटमने दिले. तुम्ही सावध राहा. कशावर सही करू नका."

"असं होय," सर म्हणाले. "बघतो मी." आणि फोन ठेवला. इकडचं तिकडचं विचारलं नाही, आमच्या ह्यांच्या गुडघ्याची चौकशी केली नाही. तेवीस वर्षांत या माणसाने चौकशी केल्याशिवाय फोन ठेवला नसेल.

तिथून माझी झोप उडाली. मागच्या रेकॉर्डिंगची आठवण आली. तेव्हा सर माझ्याशी बोलताना सारखे तोंड फिरवत होते. सरळ नजरेला नजर देतच नव्हते. मला वाटलं होतं, माझं वाजवणं आवडलं नसेल. आता वाटू लागलं, त्यांनीच आम्हाला विकलं असेल तर? असा विचार केल्याची लाजही वाटायची, आणि तो विचार जायचाही नाही.

दोन महिन्यांनी त्यांचाच फोन आला. "रविवारी दुपारी वसईला ये. व्हायोलिन घेऊन ये."

"कशाला, सर?"

"ये तर खरी."

मार्चचं ऊन होतं. वाडीत केळीला पाणी सोडलेलं होतं, त्यामुळे घरापर्यंतची वाट गार लागली. सरांच्या पत्नी फिलूबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी मला पाणी दिलं, पण बोलल्या नाहीत, आतल्या खोलीकडे बोट केलं. मी दार ढकललं. सरांच्या जुन्या मेजावर एक कॉम्प्युटर होता, दोन मोठे स्पीकर होते, आणि खुर्चीवर विराज टिपणीस बसला होता. त्याच्या शेजारी तो स्टीलचा डबा.

"सर, हा माणूस..." मी सुरुवात केली.

"ह्याला मी बोलावलाय," सर म्हणाले. "तुझे सूर मीच घ्यायला लावले. साटमचेसुद्धा. सगळ्यांचे."

मी व्हायोलिनची पेटी खाली ठेवली. पलंगावर बसले.

"नियम तुमचा होता, सर."

"माझाच होता."

"मग?"

"मोडला." सर माझ्याकडे एक बाजू करून बसले होते, नेहमीसारखे. "गो, उजवा कान गेला माझा. दीड वर्ष झालं. डॉक्टर म्हणतो, डावाही या वर्षात जाईल. तू म्हणशील, सर तोंड फिरवतात. तोंड नाही फिरवत, कान पुढे करतो."

दोन महिने मी त्या फिरवलेल्या तोंडाचे काय काय अर्थ लावले होते, ते सांगायची माझी हिंमत नव्हती.

"अकरा वर्षं मी एक लिहितोय," ते म्हणाले. "माझं स्वतःचं. चाळीस वाद्यांसाठी. बारा मिनिटांचं आहे. दोन संगीतकारांना दाखवलं. एक म्हणाला, वा, फार छान, याला शब्द कुठे आहेत? दुसऱ्याने वाचलं की नाही ते माहीत नाही. आता चाळीस माणसं मी कुठून आणू? आणि कान जायच्या आत मला ते एकदा ऐकायचं होतं. कागदावर वाचून मी दुसऱ्यांचं खूप ऐकलं. हे कानाने ऐकायचं होतं."

"मग आम्हाला सांगायचं होतं ना. आम्ही फुकट आलो असतो."

"आलाच असतात. म्हणून नाही सांगितलं. काम नाही तुमच्याकडे आणि मी फुकट बोलावू? आणि चोवीस जणांसमोर कुठल्या तोंडाने सांगू, की बाबांनो, सुटे सूर द्या, मला हवेत?" सर थांबले. "लाज वाटली. म्हणून चोरासारखं केलं. या पोराला शपथ घातली होती, माझं नाव घेऊ नको म्हणून. शिव्या त्याने खाल्ल्या."

विराज पडद्याकडे बघत होता. त्याचे कान लाल झाले होते. मी त्याला मनातल्या मनात दिलेल्या शिव्या त्याने ऐकल्या असत्या, तर आणखी लाल झाले असते.

"लाव रे," सर म्हणाले.

विराजने एक बटण दाबलं.

सुरुवातीला चेलो आला. साटमच होता तो. सुरात शिरण्याआधी तो गजाचा एक किंचित धक्का देतो, तोसुद्धा होता. मग व्हायोलिनं उठली. चोवीस होती, आणि चोवीसही मीच होते. स्वतःचा आवाज टेपवर ऐकताना माणूस दचकतो, तशी मी दचकले. मग दचकणं विसरले, कारण चाल पुढे निघाली होती. तशी चाल मी सिनेमात कधी वाजवली नव्हती. साधी होती, बायकांच्या गाण्यासारखी, पण तिच्याखालून चेलो आणि व्हायोला असे सरकत होते की पाणी उपसल्यासारखं वाटत होतं. चाळीस वर्षं हा माणूस दुसऱ्यांच्या गाण्यांत हे थेंबथेंब वाटत होता आणि आम्हाला कुणालाच कळलं नाही. मला रडू आलं, ते मी पुसलंही नाही.

आणि मग माझ्या लक्षात आलं. डी येणार होता. चाल तिकडेच वळत होती, तिला दुसरीकडे जायला वाटच नव्हती. माझा तो उतरता सूर, बारा मिनिटांच्या मध्यात, त्यांच्या उरलेल्या एका कानात. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते मी त्या पलंगावर बसून अनुभवलं.

चाल तिथे पोचली. आणि तिथे काहीच वाजलं नाही. चेलो खाली चालू होता, पण व्हायोलिनांच्या जागी रिकामी जागा. एका सुराएवढी. पुढचा सूर पुन्हा नीट. थोड्या वेळाने पुन्हा तशीच जागा. दात पडलेल्या माणसाने हसावं तसं ते गाणं जागोजागी उघडं होत होतं.

शेवटही तसाच. शेवटचा सूर नव्हताच.

विराजने बटण दाबलं. "डी नीट बसत नव्हता, मॅडम," तो म्हणाला. "मला वाटलं, माझं मशीन बिघडलं. मी सरांना म्हटलं, शेजारच्या सुरावरून ओढून घेतो. कळणारही नाही कुणाला."

"मी म्हटलं, नको," सर म्हणाले. "मी तो सूर ऐकला. हळू, मध्यम, जोरात. तिन्ही वेळा सारखाच उतरला, त्याच जागी, तेवढाच." त्यांनी कान माझ्याकडे केला. "चूक तीन वेळा सारखी होत नाही, केळुसकर."

मी खाली बघत राहिले. फरशी लाल होती, एका कोपऱ्यात तडकलेली. ती आजही डोळ्यांपुढे आहे.

"मला वाटलं, हा चोर आहे," मी म्हणाले. "मला वाटलं, तुम्ही म्हणालात तसं करावं. द्यायचा नाही."

"म्हणून तर बोलावलं. बाकीच्यांनी दिला. मी सांगितलेलं तू एकटीने ऐकलंस. मीसुद्धा नाही ऐकलं." त्यांनी मेजावरचा एक कागद उचलून माझ्या हातात दिला. त्यांच्या हाताने आखलेला, त्यांच्या पेन्सिलीतला. त्यावर फक्त एकच सूर पुन्हा पुन्हा होता, एकोणीस जागी, मध्ये मोजून ठेवलेल्या विश्रांती. आणि वर, जिथे वाद्याचं नाव लिहितात तिथे, 'व्हायोलिन' नव्हतं. 'केळुसकर' होतं.

"हा यंत्राला नको देऊ," सर म्हणाले. "हा तू वाजव."

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे मन मोकळं होईल. सरांचा डावा कान त्याच नाताळात गेला. नंतर ते दोन वर्षं जगले. आठ व्हायोलिनांची दोन झाली, मग तीही गेली. साटम आता मुलांना गिटार शिकवतो, मी डोंबिवलीत व्हायोलिन शिकवते. खोटं बोलल्याबद्दल त्याने एकदा माफी मागितली, मी त्या दिवशी उचलून आणलेला टायरचा तुकडा परत दिला. ती हार्ड डिस्क सरांनी वसईतल्या त्या रविवारीच डब्यासकट माझ्या स्वाधीन केली. विराजने नक्कल ठेवली नसेल कशावरून, असं तुम्ही म्हणाल. मीही त्याला तेच विचारलं. तो म्हणाला, "ठेवली असती तरी एक सूर कमी असलेलं व्हायोलिन कोण घेणार, मॅडम?" ते मला पटलं. डबा आजही माझ्या कपाटात आहे. भाचा म्हणतो, ती डिस्क जोडायची खाच असलेला कॉम्प्युटरच आता मिळत नाही. व्हायोलिनला अजून चारच तारा लागतात आणि त्या कुठेही मिळतात.

तर, त्या दुपारी. फिलूबाईंनी ओट्यावरच्या कोंबड्या हाकलल्या आणि दार लावून घेतलं. विराजने माइक लावला. मी तारा जुळवल्या. हेडफोनमध्ये साटम सुरू झाला, मग चोवीस मी सुरू झाले, आणि पहिल्या रिकाम्या जागी मी माझा सूर ठेवला. नेमका, शेवटापर्यंत सरळ. सर डोळे मिटून स्पीकरला डावा कान लावून बसले होते. दुसरा, तिसरा. एकेक जागा भरत गेली. अठरा सूर झाले, एकही उतरला नाही.

"थांब," सर म्हणाले. विराजने थांबवलं. "शेवटचा राहिला. तो तू त्या दिवशी वाजवलास तसा वाजव."

मला वाटलं, ते मला टोचताहेत. "सर, झाली चूक. मी सरळ वाजवते."

"टोचत नाही गो." ते मेजाच्या कडेला धरून माझ्याकडे वळले. "आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी बायका विहिरीवरून वाजतगाजत पाणी आणतात. ही चाल तिथली. माझी आई पुढे असायची. डोक्यावर भरलेला हंडा, वाट चढाची. शेवटचा सूर ती धरायची, पण तिला दम पुरायचा नाही. केसभर खाली यायचा. अकरा वर्षं मी तो कागदावर लिहायला बघतोय. लिहिता येत नाही. नोटेशनमध्ये त्याला खूणच नाही. आणि हा विराज मला म्हणतो, डी बिघडलाय. मी ऐकलं, तर आई."

विराजने चष्मा काढून पुसला.

मी गज उचलला. सूर लावला, शेवटाला आले आणि बोट मागे घ्यायला गेले, तर बोट हलेना. सूर सरळच राहिला. पुन्हा लावला. पुन्हा सरळ. तिसऱ्यांदा मुद्दाम घसरवला, तर तो नुसता बेसूर झाला, शिकाऊ पोरीसारखा.

"त्या दिवशी तीनदा जमलं," सर म्हणाले.

"त्या दिवशी मनात संशय होता, सर."

"आणि आज?"

व्हायोलिन हनुवटीखाली नीट धरलं. मी विराजला मानेने खूण केली. त्याने शेवटची ओळ लावली. चोवीस जणी चढण चढत वर आल्या आणि थांबल्या, आणि मी एकटीने तो सूर धरला. गज संपत आला, हात थकला होता, दोन महिन्यांचं काय काय त्या हातात येऊन बसलं होतं. मी बोट हलवलं नाही. सूर आपोआप खाली आला. केसभर.

काट्याकडे विराजने पाहिलंच नाही. तो सरांकडे बघत होता. सर स्पीकरला कान लावून बसले होते, सूर संपला तरी तसेच.

मग त्यांनी हात वर केला.

"हा ठेव," ते विराजला म्हणाले.